किडीचा शत्रू, शेतकऱ्याचा मित्र

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत राजांची युद्धे सनावळीसह दिलेली असतात. माणूस आणि पिकावरची कीड यांच्यातील झगड्याला मात्र त्या पुस्तकांत क्वचितच जागा मिळते. वास्तविक हा झगडा शेतीइतकाच जुना आहे आणि ज्यांच्या घरची चूल शेतावर किंवा शेतातल्या मजुरीवर पेटते, त्यांच्यासाठी तो पानिपतापेक्षाही जवळचा आहे. आपल्या निवासी विद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी अशाच घरांतून आलेले आहेत. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने, इतिहासाचा एक शिक्षक या नात्याने, या झगड्याची कथा आणि त्यातून मिळणारा व्यवहारी धडा आपल्यापुढे ठेवीत आहे.

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट हवा, एकाच टाकीत मिसळलेली दोन-तीन द्रव्ये आणि अंगावर घामाने भिजलेला साधा सदरा, असे ते चित्र होते. पंप पाठीवर घेणाऱ्यांत रोजंदारीवरचे भूमिहीन मजूरही होते. ज्याचे शेत नाही, ज्याचा कापूस नाही, त्याच्याही वाट्याला विष मात्र आले. आपल्या बोलीत कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारायला गेलो होतो’, असे आपण सहज बोलून जातो. विषाला औषध म्हणण्याची ही सवय आपल्या मनात इतकी मुरली आहे की, किडीवर दुसरा उपाय असू शकतो हा प्रश्नच आपण विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारायचा आहे.

मित्र कोण?

प्रत्येक सजीवाला कोणी ना कोणी खाणारा असतो. पिकावरील किडीलाही तो असतो. किडीच्या अशा नैसर्गिक शत्रूंचा उपयोग करून तिची संख्या नुकसानीच्या पातळीखाली ठेवणे, याला जैविक कीड नियंत्रण म्हणतात. या नैसर्गिक शत्रूंचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग परभक्षींचा. हे किडीला धरून सरळ खातात. ठिपकेदार पाठीचा ढालकिडा म्हणजेच लेडीबर्ड बीटल, हिरव्या जाळीदार पंखांचा क्रायसोपा, सिरफिड माशीची अळी, प्रार्थना कीटक, चतुर आणि नाना जातींचे कोळी या वर्गात येतात. बगळा, कोतवाल, साळुंकी हे पक्षीही परभक्षीच होत.

दुसरा वर्ग परोपजीवी कीटकांचा. यांची मादी किडीच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात आपले अंडे घालते. आतून निघालेली अळी यजमान किडीला हळूहळू खाऊन टाकते आणि शेवटी त्या पोकळ शरीरातून नवा परोपजीवी बाहेर पडतो. ट्रायकोग्रामा हा या वर्गाचा सर्वांत परिचित प्रतिनिधी. त्याची लांबी एक मिलिमीटरहूनही कमी असते. माव्याच्या वसाहतीत काही मावे फुगलेले, तपकिरी आणि निश्चल दिसतात. ते रोगट मावे नसतात. त्यांच्या पोटात परोपजीवी माशीचे पिल्लू वाढत असते.

तिसरा वर्ग रोगकारक सूक्ष्मजीवांचा. माणसाला जसे रोग होतात तसे किडींनाही होतात. बिव्हेरिया आणि मेटारायझियम या बुरश्या, बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू आणि अळ्यांवरील एन.पी.व्ही. हा विषाणू यांचा वापर शेतीत होतो. पिकांच्या रोगांविरुद्ध लढणारे सूक्ष्मजीवही आहेत. त्यांतील ट्रायकोडर्मा या बुरशीचा विचार पुढे येईल.

इतिहासातील टप्पे

या विद्येचा सर्वांत जुना दाखला चीनमधून मिळतो. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात असे वर्णन आहे की, दक्षिण चीनमधील बाजारांत झाडावर घरटी करणाऱ्या मुंग्या घरट्यांसह विकल्या जात आणि संत्रावर्गीय फळबागांचे मालक त्या विकत घेऊन झाडांवर सोडीत. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर मुंग्यांना जाता यावे म्हणून बागांत बांबूचे पूल बांधण्याचीही प्रथा होती. या मुंग्या फळे पोखरणाऱ्या किडींना खात. कोणत्याही प्रयोगशाळेवाचून, केवळ निरीक्षणाच्या बळावर, सामान्य शेतकऱ्यांनी ही युक्ती शोधून काढली होती.

पुढचा एक टप्पा आपल्या साळुंकीशी निगडित आहे. सन १७६२ मध्ये मॉरिशस बेटावर टोळांचा उपद्रव आवरण्यासाठी भारतातून साळुंक्या नेण्यात आल्या. एका देशातून दुसऱ्या देशात मुद्दाम परभक्षी नेल्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक आहे.

सन १७९५ मध्ये भारतात एक विलक्षण योगायोग घडला. लाल रंग देणारा मौल्यवान किडा समजून ब्राझीलहून एक कीटक कलकत्त्याला आणला गेला. तो भलत्याच जातीचा निघाला. रंग काही मिळाला नाही. पण माजलेल्या निवडुंगाच्या एका जातीचा त्याने फडशा पाडला. मग हाच कीटक दक्षिण भारतात आणि पुढे श्रीलंकेत निवडुंग हटविण्यासाठी हेतुपूर्वक वापरला गेला.

आधुनिक जैविक नियंत्रणाचा पाया मात्र अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घातला गेला. सन १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून एक पांढरा, कापसासारख्या आवरणाचा खवलेकीटक तेथे पोचला आणि वीस वर्षांत त्याने संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त होण्याच्या सीमेवर आणल्या. धुऱ्या, फवारे, साबणाचे पाणी, सारे उपाय थकले. अनेक बागाईतदार झाडे तोडून जाळू लागले. तेव्हा चार्ल्स रायली या कीटकशास्त्रज्ञाने एक साधा, पण मूलगामी प्रश्न विचारला: हा किडा ऑस्ट्रेलियात एवढा का माजत नाही? उत्तर उघड होते. तेथे त्याला खाणारे शत्रू आहेत. येथे तो एकटाच आला आहे.

सन १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियाला धाडण्यात आले. सरकारी कीटकशास्त्रज्ञांच्या परदेशप्रवासावर तेव्हा निर्बंध होते, म्हणून मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाला जाणाऱ्या शिष्टमंडळात त्यांचा समावेश करण्यात आला. त्यांनी बोटीने पाठविलेल्या ढालकिड्यांपैकी अवघे १२९ कॅलिफोर्नियात कामी आले. लॉस एंजेलिसच्या एका बागेत कापडी तंबूने झाकलेल्या झाडावर ते सोडले गेले. काही आठवड्यांत ते झाड स्वच्छ झाले, तंबू उघडला गेला आणि ढालकिडे बागभर पसरले. सुमारे दीड वर्षात सगळ्या राज्यातील खवलेकीटक आटोक्यात आला. जो प्रश्न लाखो रुपयांच्या विषाने सुटला नसता, तो मूठभर किड्यांनी सोडविला.

विषाचे युग

सन १९३९ मध्ये पॉल म्युलर यांना डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण सापडला आणि १९४८ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्वस्त, प्रभावी आणि दीर्घकाळ टिकणारे हे द्रव्य जादूसारखे वाटले. त्याने हिवतापाचे डास मारले, टायफसच्या उवा मारल्या, असंख्य माणसे वाचविली. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु शेतीत त्याच्या मागोमाग एकामागून एक नवी विषे आली आणि मित्रकीटकांचा विचार मागे पडला.

त्याचे परिणाम तीन प्रकारचे झाले. पहिला, प्रतिकारशक्ती. फवारणीतून वाचलेल्या मोजक्या किडींची पिढी पुढे वाढते आणि काही वर्षांत तेच विष निकामी ठरते. सन १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशातील कापूस उत्पादकांनी अमेरिकन बोंडअळीच्या बाबतीत हे भोगले. दुसरा परिणाम, विषाचे अवशेष अन्नात, पाण्यात आणि शरीरात साठत जाणे. रेचेल कार्सन यांनी १९६२ साली या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधले.

तिसरा परिणाम सर्वांत कमी समजला जातो, पण आपल्या विषयासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. विष किडीला मारते तसे तिच्या शत्रूलाही मारते. कीड संख्येने जास्त असते आणि भराभर वाढते. शत्रू संख्येने कमी असतो आणि सावकाश वाढतो. फवारणीनंतर कीड लवकर सावरते आणि तिला आवरणारा कोणी उरलेला नसतो. मग ती पूर्वीपेक्षाही जोमाने उसळते. कॅलिफोर्नियातच याचा पुरावा मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर संत्र्यांच्या बागांत डी.डी.टी. फवारले गेले, ढालकिडे मेले आणि पन्नाशी-साठीच्या वर्षांपूर्वी आवरलेला तो जुना खवलेकीटक पुन्हा वर आला. डी.डी.टी. थांबवून ढालकिडे परत आणल्यावरच तो खाली बसला.

इंडोनेशियाचे उदाहरण याहून मोठे आहे. तेथे सरकारी अनुदानामुळे कीटकनाशके अत्यंत स्वस्त झाली होती. शेतकरी भातावर वारंवार फवारीत आणि तपकिरी तुडतुडे मात्र वाढतच जात. भातखाचरांतील कोळी आणि इतर परभक्षी फवाऱ्याने नष्ट होत होते, हे अभ्यासकांनी दाखवून दिले. नोव्हेंबर १९८६ मध्ये तेथील शासनाने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे अनुदानही टप्प्याटप्प्याने बंद केले. कीटकनाशकांचा वापर घटला, भाताचे उत्पादन मात्र घटले नाही. सन १९८९ पासून तेथे शेतकऱ्यांच्या शाळा भरू लागल्या. शेताच्या बांधावर बसून शेतकरी किडी आणि मित्रकीटक मोजत, त्यांची चित्रे काढीत आणि चर्चा करून निर्णय घेत. आज महाराष्ट्रात कृषी विभाग ज्या ‘शेतीशाळा’ घेतो, त्यांचे मूळ या चळवळीत आहे. अक्षरज्ञान जसे माणसाला सावकाराच्या वहीपासून सोडविते, तसे किडीचे ज्ञान दुकानदाराच्या सल्ल्यापासून सोडविते.

महाराष्ट्राचा धडा: उसावरील लोकरी मावा

सन २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातील उसावर एक नवीच कीड दिसली. पानांच्या खालच्या बाजूस पांढऱ्या लोकरीसारखे थर जमत. मावा रस शोषी, त्याच्या शरीरातून गोड चिकट द्रव खालच्या पानांवर पडे आणि त्यावर काळी बुरशी वाढून पाने काजळी धरल्यासारखी दिसत. या माव्याची मादी नराशिवायच थेट पिले देते, त्यामुळे वाढीचा वेग भयंकर होता. वर्षभरात पश्चिम महाराष्ट्रातील आणि शेजारच्या कर्नाटकातील ऊसपट्ट्यात तो पसरला.

पहिली प्रतिक्रिया फवारणीची झाली. पण दहा-बारा फूट वाढलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या उसात शिरून पानांच्या खालच्या बाजूस द्रव पोचविणे जवळजवळ अशक्य होते. धुरळणी केली तर मजुराच्या डोळ्यांत आणि नाकात भुकटी जाई. याच काळात शास्त्रज्ञांच्या आणि जाणत्या शेतकऱ्यांच्या लक्षात आले की, काही फडांत मावा आपोआप कमी होत आहे. तेथे दोन मित्रकीटक कामाला लागले होते.

पहिला डिफा. हा एक पतंग आहे. पतंगाची अळी म्हटले की पाने कुरतडणारी शत्रू, असे आपले गणित असते. डिफाची अळी त्या गणिताला अपवाद आहे. ती मांसाहारी असून माव्याच्या वसाहतीत रेशमी जाळे विणून राहते आणि मावा फस्त करते. दुसरा मायक्रोमस, तपकिरी जाळीदार पंखांचा कीटक. त्याची अळी आणि प्रौढ दोघेही मावा खातात. पुढे ईशान्य भारतातून एन्कार्सिया हा परोपजीवीही आणून सोडण्यात आला.

यानंतरचे काम शेतकरी, कृषी विद्यापीठे, साखर कारखाने आणि संशोधन संस्था यांनी मिळून केले. डिफाच्या अळ्या आणि कोष असलेली पाने एका फडातून कापून दुसऱ्या फडात नेऊन बांधली गेली. शेतातच जाळीच्या मंडपाखाली मित्रकीटक वाढविले गेले. हेक्टरी एक हजार डिफाच्या अळ्या किंवा अडीच हजार मायक्रोमसच्या अळ्या सोडण्याची शिफारस झाली. ज्या फडात मित्रकीटक दिसतात तेथे फवारणी करू नये, हा या शिफारशीचा गाभा होता. काही हंगामांत लोकरी माव्याचा जोर ओसरला. आजही तो अधूनमधून दिसतो, परंतु त्याच्या पाठोपाठ त्याचे शत्रूही येतात आणि २००२ सारखी दाणादाण उडत नाही.

असाच अनुभव पपईवरील पिठ्या ढेकणाच्या बाबतीत आला. मूळच्या मध्य अमेरिकेकडील या किडीची भारतातील पहिली नोंद २००८ मध्ये कोइमतूर येथे झाली. पपई, तुती, टॅपिओका अशी अनेक पिके तिने पांढरी केली. बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने २०१० मध्ये पोर्टो रिको येथून एक इवलासा परोपजीवी आणला. रीतसर तपासणीनंतर तो सोडण्यात आला आणि अल्पावधीत ही कीड आवरली गेली.

कपाशी: प्रश्न अजून संपलेला नाही

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना कपाशीविषयी उत्सुकता असणार. सन २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. या वाणात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचेच एक जनुक घातलेले असते. प्रारंभी बोंडअळ्या कमी झाल्या. परंतु मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींना हे वाण रोखीत नाही, त्यामुळे फवारणी चालूच राहिली. पुढे गुलाबी बोंडअळीनेही बीटीला दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने प्रचंड नुकसान केले. यवतमाळची विषबाधा त्याच हंगामातील, हे ध्यानात घ्यावे.

गुलाबी बोंडअळीची जीवनरीत समजून घेतली की फवारणी का फसते ते कळते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात पात्यात, फुलात किंवा बोंडात शिरते. एकदा आत गेली की वरून पडणारे विष तिच्यापर्यंत पोचत नाही. मजूर पाठीवर पंप घेऊन ओळीने फिरतो, विष त्याच्या श्वासात जाते आणि अळी मात्र बोंडात सुरक्षित बसते. म्हणून तिला अंड्यातच गाठले पाहिजे. हे काम ट्रायकोग्रामा आणि त्याचा जवळचा नातलग ट्रायकोग्रामाटॉयडिया करतात.

प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर हे परोपजीवी वाढवून ती अंडी कागदी पट्टीवर चिकटवितात. हे ट्रायकोकार्ड. एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी असतात. कपाशीत एकरी साधारण साठ हजार, म्हणजे तीन कार्डे लागतात. कार्डाच्या पट्ट्या कापून त्या शेतभर सारख्या अंतरावर पानांच्या खालच्या बाजूस टाचाव्यात. हे काम सायंकाळी करावे. नेमके कधी सोडायचे हे कामगंध सापळा सांगतो. हेक्टरी पाच सापळे लावून रोज पतंग मोजावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर नुकसानीची पातळी ओलांडली असे समजतात. कार्डे त्याआधी, पतंग दिसू लागताच लावली पाहिजेत. यासोबत डिसेंबरअखेर कपाशी काढून टाकणे आणि फरदड न घेणे आवश्यक आहे. अळीला वर्षभर अन्न मिळत राहिले तर कोणताही मित्र पुरा पडणार नाही.

हरभऱ्याची घाटेअळी आणि मर रोग

हरभऱ्यात घाटेअळीवर एन.पी.व्ही. हा विषाणू उपयोगी पडतो. महासाथीच्या अनुभवामुळे ‘विषाणू’ शब्दाची धास्ती बसली आहे. परंतु हा विषाणू घाटेअळीलाच बाधतो, माणसाला, गुराढोरांना किंवा मधमाशीला नाही. विषाणू लागलेली अळी काही दिवसांत खाणे सोडते, फिकट पडते, झाडाच्या शेंड्यावर चढते आणि उलटी लटकून मरते. तिच्या शरीरातून झिरपणाऱ्या द्रवाने इतर अळ्यांनाही लागण होते. हेक्टरी २५० एल.ई. ही शिफारशीत मात्रा आहे. एक एल.ई. म्हणजे एका रोगग्रस्त अळीपासून मिळणाऱ्या विषाणूंएवढी मात्रा. उन्हाने विषाणू निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी आणि अळ्या लहान असतानाच करावी. हरभऱ्यात इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे उभारले की कोतवाल, साळुंकी त्यांवर बसून अळ्या टिपतात. या कामाला मजुरी द्यावी लागत नाही.

हरभरा आणि तुरीचा मर रोग जमिनीतील बुरशीमुळे होतो. रोग दिसल्यावर झाड वाचत नाही, म्हणून उपाय पेरणीपूर्वीच हवा. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी रोगकारक बुरशीच्या धाग्यांभोवती विळखा घालून तिला शोषून घेते. हे १९३२ मध्ये वाइंडलिंग यांनी दाखविले. किलोभर बियाण्यास चार ते पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून बियाणे सावलीत सुकवून पेरावे. शंभर किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळून, आठ-पंधरा दिवस सावलीत झाकून मग शेतात टाकले तर ती बुरशी जमिनीत वाढून टिकते.

जेथे माणूस चुकला

इतिहासाचा विद्यार्थी केवळ यशोगाथा सांगून थांबू शकत नाही. सन १८७२ मध्ये जमैकातील उसाच्या मळ्यांत उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून मुंगसे नेण्यात आली. मुंगूस दिवसा हिंडते आणि उंदीर रात्री. थोडे उंदीर घटले, पण मुंगसांनी पक्षी, सरपटणारे प्राणी आणि कोंबड्या यांच्यावर ताव मारला. सन १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात उसाचे भुंगेरे खातील म्हणून हवाईहून सुमारे शंभर बेडूक-भेक आणले गेले. भुंगेरे उसाच्या शेंड्याला राहिले, भेक जमिनीवर राहिले, आणि आज ते विषारी भेक तेथील वन्यजीवांना शाप ठरले आहेत.

दोन्ही ठिकाणी चूक एकच होती. मिळेल ते खाणारा प्राणी पूर्वतपासणीवाचून सोडला गेला. कॅलिफोर्नियाचा ढालकिडा किंवा पपईवरील परोपजीवी एका विशिष्ट किडीवरच जगतो. कीड संपली की त्याची संख्याही उतरते. म्हणून परदेशी मित्रकीटक आणण्याचे काम सक्षम शास्त्रीय संस्थांनीच, तपासणीनंतर करायचे असते. कोणी सांगितले म्हणून विश्वास ठेवू नये. कार्यकारणभाव तपासून पाहावा, हा धडा येथेही लागू पडतो.

आपल्या शेतात काय करता येईल?

१. प्रथम ओळख करून घ्यावी. आठवड्यातून एकदा शेतात तिरपे चालत वीस झाडे पाहावीत आणि किडी व मित्र दोन्हींची संख्या वहीत लिहावी. ढालकिड्याची अळी काळसर, काटेरी, मगरीसारखी दिसते. अनेकजण तिलाच कीड समजून मारतात.

२. पहिले दोन महिने कपाशीवर विषारी फवारणी शक्यतो टाळावी. याच काळात मित्रकीटक शेतात वस्तीला येतात.

३. मित्रांसाठी अन्न आणि आसरा ठेवावा. कपाशीभोवती मका, ओळींत चवळी, बांधावर झेंडू लावावा. चवळीवरील माव्यावर ढालकिडे पोसले जातात आणि ते पुढे कपाशीवर येतात.

४. फवारणीची गरज भासलीच, तर आधी पाच टक्के निंबोळी अर्काचा विचार करावा. तो मित्रांना तुलनेने कमी घातक आहे.

५. जैविक निविष्ठा ताज्या घ्याव्यात. त्या सजीव असतात. उन्हात ठेवलेली ट्रायकोकार्डे किंवा मुदत उलटलेली बुरशीची पाकिटे मृतवत असतात. कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे चौकशी करावी. कार्ड लावण्याच्या आगेमागे आठवडाभर रासायनिक फवारणी करू नये.

६. रासायनिक फवारणी अटळ झाली, तर हातमोजे, मुखपट्टी, पूर्ण अंग झाकणारे कपडे वापरावेत. द्रव्ये एकमेकांत मिसळू नयेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालू नये. मजूर लावला असेल तर ही साधने पुरविणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि ती मागणे हा मजुराचा हक्क आहे.

हे सारे करताना एक अपेक्षा सोडावी लागते: दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या किडी मेलेल्या दिसतील ही. मित्रकीटकाला वेळ लागतो आणि थोडी कीड शेतात राहावीच लागते; ती पूर्ण संपली तर मित्रही उपाशी मरेल. शिवाय एकट्याच्या दोन एकरांत कार्डे लावून चहूबाजूंनी फवारणी होत राहिली, तर लाभ थोडा होतो. गावाने किंवा निदान शेजारच्या दहा-पंधरा जणांनी मिळून हे करणे श्रेयस्कर. लहान जमिनीच्या शेतकऱ्याला यात विशेष हित आहे. विषाच्या उधारीचा बोजा हलका होतो आणि घरातल्याच कोणाच्या तरी पाठीवरचा पंप उतरतो.

विद्यार्थ्यांसाठी निरीक्षण-कार्य

आपल्या विद्यालयाच्या परसबागेत हा विषय प्रत्यक्ष शिकता येईल. मावा लागलेली चवळीची किंवा रुईची एक फांदी काचेच्या बरणीत ठेवून तोंडावर पातळ कापड बांधावे. त्यात ढालकिड्याची एक अळी सोडावी. रोज सकाळी मावे मोजावेत, तक्ता करावा आणि अळी, कोष, प्रौढ या अवस्थांची चित्रे काढावीत. दुसऱ्या बरणीत तेवढाच मावा ढालकिड्याशिवाय ठेवावा आणि दोन्हींची तुलना करावी. निष्कर्ष मुलांनी स्वतः लिहावा, शिक्षकांनी फळ्यावर देऊ नये. सुट्टीत घरी गेल्यावर त्यांनी तोच तक्ता आईवडिलांना दाखवावा.

समारोप

चीनमधील बागाईतदार, सांगलीतील ऊस उत्पादक आणि जावा बेटावरील भातशेतकरी यांच्यात देश, भाषा आणि काळ यांचे मोठे अंतर आहे. तरीही तिघांनी एकच गोष्ट केली: कीड मारण्यापूर्वी तिच्याकडे नीट पाहिले. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी शेती करतात, कोणी कृषी सहायक आहेत, कोणी गावोगावी शिक्षक आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील एका शेतीशाळेत यंदा आवर्जून बसावे आणि फवारणी करणाऱ्या मजुरांनाही तेथे सोबत न्यावे. विषाचा पहिला थेंब ज्यांच्या अंगावर पडतो, त्यांनाच या विद्येवर पहिला अधिकार आहे.